कर आणि कंपनी कायद्याचे अध्यापन : सातारा-सांगलीतील विधी अध्यापकाची कारकीर्द

साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर २ सप्टेंबर २००६ रोजी स्थगनादेश लागू झाला आणि ठेवीदारांना खात्यातून जास्तीत जास्त दहा हजार रुपये काढण्याची मुभा उरली. १९३६ साली स्थापन झालेली ही बँक महिनाभरातच, ३ ऑक्टोबर २००६ पासून, आयडीबीआयमध्ये विलीन झाली. पाठोपाठ १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक १९ एप्रिल २००७ पासून आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. अवघ्या साडेसहा महिन्यांत दोन शेजारी जिल्ह्यांतील दोन जुन्या बँकांचे स्वतंत्र अस्तित्व संपले. त्या काळात भागधारकांना, ठेवीदारांना व कर्मचाऱ्यांना पडलेले प्रश्न साधे होते. आपल्या समभागाचे काय होणार? विलीनीकरणाला विरोध करता येईल का? बँकेचा तोटा कोणाच्या हिशेबात जाणार? हातात पडलेल्या पैशावर कर द्यावा लागेल का? या प्रश्नांची उत्तरे मात्र एका पुस्तकात नव्हती. कंपनी कायदा, बँकिंग नियमन कायदा आणि आयकर कायदा हे तिन्ही एकत्र वाचल्याखेरीज ती मिळत नव्हती.

हे कायदे एकत्र वाचायला शिकवणारी व्यक्ती म्हणजे कर व कंपनी कायद्याचा अध्यापक होय. विधी महाविद्यालयांतील इतर विषयांच्या तुलनेत हा विषय रुक्ष समजला जातो. फौजदारी कायद्याचे नाट्य त्यात नाही आणि घटनात्मक कायद्याचे वलयही नाही. परंतु साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था, बाजारपेठा आणि लघुउद्योग यांवर ज्या भागाचे अर्थकारण उभे आहे, त्या सातारा-सांगली पट्ट्यात या विषयाइतका दैनंदिन जीवनाशी निगडित विषय दुसरा क्वचितच असेल.

विषयाची व्याप्ती

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार ‘कंपनी कायदा’ आणि ‘करकायद्याची तत्त्वे’ हे दोन्ही विषय कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमात अनिवार्य आहेत. तीन वर्षांचा अभ्यासक्रम असो वा बारावीनंतरचा पाच वर्षांचा, प्रत्येक विद्यार्थ्याला ते अभ्यासावे लागतात. त्यामुळे प्रत्येक विधी महाविद्यालयाला हे विषय शिकवणारा अध्यापक लागतोच. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय, तर सांगलीत एन. एस. सोटी विधी महाविद्यालय आणि भारती विद्यापीठाचे न्यू लॉ कॉलेज या संस्थांतून कायद्याचे शिक्षण दिले जाते.

कंपनी कायद्याच्या अध्यापनाची सुरुवात जगभर एकाच खटल्याने होते. इंग्लंडमधील १८९७ सालच्या सॅलोमन खटल्यात कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी, स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, हे तत्त्व पक्के झाले. करकायद्याचा पाया भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ मध्ये आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो. एक तत्त्व व्यक्तीची ओळख ठरवते, दुसरे राज्यसत्तेची मर्यादा. कमाई नेमकी कोणाची आणि तिच्यावर कर लावण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवताना दोन्ही तत्त्वे एकमेकांना भेटतात.

या पट्ट्यात तिसऱ्या घटकाची भर पडते, ती सहकाराची. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्रसूचीत कंपन्यांची स्थापना व नियमन हा विषय आहे. पण त्याच नोंदीतून सहकारी संस्था वगळल्या आहेत. त्या राज्यसूचीतील नोंद ३२ मध्ये येतात. आयकर मात्र केंद्राचा आहे. परिणामी साखर कारखान्याची नोंदणी राज्याच्या सहकार कायद्याखाली, उसाचा किमान दर केंद्राच्या आदेशाखाली आणि नफ्यावरील कर केंद्रीय आयकर कायद्याखाली, अशी तिहेरी रचना तयार होते. ती उलगडून दाखवणे हे येथील अध्यापकाचे खास काम ठरते.

उज्ज्वल परंपरा

या विषयांच्या अध्यापनाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. साताऱ्याच्या शासकीय शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कारकिर्दीचा एक कमी चर्चिला गेलेला भाग अध्यापनाचा आहे. सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. लंडनहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा सुरुवातीच्या काळात कामे फारशी मिळत नव्हती. त्या दिवसांत, १९२५ ते १९२८ दरम्यान, त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवले आणि १९३५ ते १९३८ या काळात त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यातील महसुलाच्या वाटणीचा असा सखोल अभ्यास केलेला विद्वान पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, ही बाब करकायद्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातच अध्यापन केलेले दुसरे नाव नानी पालखीवाला यांचे. ज्येष्ठ विधिज्ञ जमशेदजी कांगा यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला आयकर कायद्यावरील ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पालखीवाला तिशीत होते. हा ग्रंथ पुढील अनेक दशके वकील, न्यायाधीश आणि अध्यापक या तिघांच्याही मेजावर राहिला. अर्थसंकल्पानंतरची त्यांची व्याख्याने ऐकायला हजारो श्रोते जमत. कररचनेसारखा किचकट विषय सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने मांडता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

तिसरे नाव साताऱ्यात १६ मार्च १९०१ रोजी जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे. १९६४ ते १९६६ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सरन्यायाधीशपदाच्या पहिल्याच महिन्यात, फेब्रुवारी १९६४ मध्ये, टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणाचा निकाल त्यांनी दिला. वाद विक्रीकराचा होता. कंपनीला नागरिकाचे मूलभूत हक्क नाहीत, म्हणून तिच्या भागधारकांना पुढे करून याचिका दाखल करण्यात आली होती. कंपनी स्वतंत्र व्यक्ती असल्याचे फायदे घ्यायचे आणि अडचण आली की पडदा दूर करून भागधारकांचे हक्क मागायचे, हे चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. कंपनी कायदा आणि करकायदा हे दोन्ही विषय एकाच निकालातून शिकवायचे असतील, तर त्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

अध्यापक होण्याची वाट

पूर्वी या पदाला ‘अधिव्याख्याता’ म्हणत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनंतर ‘सहायक प्राध्यापक’ हे पदनाम रूढ झाले. बोलीत ‘लेक्चरर’ हा शब्द अद्याप टिकून आहे. या पदासाठी कायद्याची पदवी, त्यानंतर किमान ५५ टक्के गुणांसह विधी विषयातील पदव्युत्तर पदवी आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा अर्थात नेट किंवा राज्य पात्रता परीक्षा अर्थात सेट उत्तीर्ण होणे, अशी ही वाट आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. आयोगाने १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट हीच किमान अर्हता ठेवली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक या पुढच्या पायऱ्यांसाठी मात्र पीएच.डी. आवश्यक आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्यापारी कायदा किंवा करकायदा हा विशेष विषय घेतलेला असल्यास उत्तमच. परंतु तेवढ्याने भागत नाही. ताळेबंद वाचता येणे ही या विषयाची पहिली अट आहे. नफातोटा पत्रक, घसारा, राखीव निधी, लाभांश या संज्ञा ज्याला अपरिचित आहेत, त्याला कलमे पाठ असूनही निकालांचा अर्थ लागत नाही. म्हणूनच वाणिज्य शाखेचे पदवीधर, कंपनी सचिव किंवा सनदी लेखापाल असलेले विधी पदवीधर या क्षेत्रात अधिक सहजतेने रुळतात.

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये ठरले. मात्र ते पूर्णवेळ, मान्यताप्राप्त पदावरील नियुक्तीला लागू होते. पुष्कळ उमेदवारांची सुरुवात तासिका तत्त्वावरील कामाने होते. त्यात शिकवलेल्या तासांचेच मानधन मिळते आणि सुटीचे महिने कोरडे जातात. कर सल्लागाराच्या कार्यालयात किंवा एखाद्या कंपनीच्या विधी विभागात अधिक मिळकत समोर दिसत असताना अध्यापनाची निवड करणे म्हणजे काही वर्षे आर्थिक ओढाताण पत्करणे होय. हुशार विद्यार्थी या विषयाच्या अध्यापनाकडे सहजासहजी का वळत नाहीत, याचे एक कारण येथे आहे.

वकिली की अध्यापन?

या कारकिर्दीतील सर्वांत अवघड पेच वेगळाच आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. ती स्वीकारताना सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे पूर्णवेळ अध्यापक झालेल्या व्यक्तीला न्यायालयाचे दार बंद होते. याउलट १९७९ साली केलेल्या विशेष नियमांनुसार वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायद्याचे अध्यापन करण्याची मुभा आहे. ते अर्धवेळ काम समजले जाते.

या व्यवस्थेला दोन्ही बाजू आहेत. पूर्णवेळ अध्यापकाला वाचनाला, संशोधनाला आणि विद्यार्थ्यांना वेळ देता येतो. पण करनिर्धारण अधिकाऱ्यासमोरील सुनावणी कशी चालते, अपिलाचा मसुदा कसा तयार होतो, हे त्याला अनुभवाने सांगता येत नाही. अर्धवेळ अध्यापकाकडे हा अनुभव भरपूर असतो. पण विवरणपत्रांच्या मुदती जवळ आल्या की तासाला वेळ देणे त्याला जड जाते. मोठ्या शहरांत दोन्ही प्रकारचे अध्यापक मिळतात आणि एकमेकांची उणीव भरून निघते. जिल्ह्याच्या ठिकाणी ही जुळणी अवघड असते.

अंतराचाही प्रश्न आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील आयकर अपिले न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे जातात, कंपनी निबंधकांचे कार्यालय पुण्यात आहे आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत. दिवाणी व फौजदारी कज्जे विद्यार्थ्याला गावातील न्यायालयात पाहता येतात. करविषयक युक्तिवाद ऐकण्यासाठी मात्र त्याला प्रवास करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे उच्च न्यायालयातील कामकाज प्रत्यक्ष पाहण्याची सोय या भागातील विद्यार्थ्यांना प्रथमच जवळ उपलब्ध झाली.

दोन बँका, दोन कलमे

वर्गात शिकवण्यासाठी दूरची उदाहरणे शोधण्याची या भागात गरज नाही. आरंभी उल्लेखिलेल्या दोन बँकांचीच तुलना घ्यावी. युनायटेड वेस्टर्न बँकेचे विलीनीकरण बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली झाले. हे सक्तीचे विलीनीकरण होय. त्यात रिझर्व्ह बँक योजना तयार करते आणि केंद्र सरकार तिला मंजुरी देते. भागधारकांच्या मतदानाचा प्रश्न येत नाही. भागधारकांना प्रत्येक समभागामागे २८ रुपये रोख देण्यात आले. सांगली बँकेचे विलीनीकरण कलम ४४-अ खालचे, म्हणजे ऐच्छिक होते. त्यासाठी दोन्ही बँकांच्या भागधारकांचा, मूल्याने दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो आणि विरोध नोंदवणाऱ्या भागधारकाला रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मूल्यानुसार पैसे मागता येतात. सांगली बँकेच्या ९२५ समभागांमागे आयसीआयसीआय बँकेचे १०० समभाग, असे प्रमाण ठरले.

येथपर्यंतचा भाग कंपनी व बँकिंग कायद्याचा झाला. करकायदा यापुढे सुरू होतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील व्याख्येनुसार विलीनीकरण ‘विलीनीकरण’ ठरण्यासाठी विलीन होणाऱ्या कंपनीच्या मूल्याने तीन-चतुर्थांश समभागांचे धारक नव्या कंपनीचे भागधारक व्हावे लागतात. सांगली बँकेच्या भागधारकांना समभागांच्या बदल्यात समभाग मिळाले. अशा अदलाबदलीला कायदा करपात्र हस्तांतर मानत नाही. साताऱ्याच्या बँकेच्या भागधारकांना मात्र रोख रक्कम मिळाली. ते नव्या बँकेचे भागधारक झालेच नाहीत. तेथे भांडवली नफा वा तोटा मोजण्याचा प्रश्न उभा राहतो. मग बुडीत बँकेचा साचलेला तोटा घेणाऱ्या बँकेला वजा करता यावा कसा? त्यासाठी २००५ च्या वित्त कायद्याने कलम ७२-अअ घातले होते. व्याख्येतील या अटी पूर्ण न झाल्या, तरी कलम ४५ खालील विलीनीकरणात तोटा व न वापरलेला घसारा पुढे नेण्याची मुभा या कलमाने दिली. अडचणीतील बँक घ्यायला कोणी तरी पुढे यावे आणि ठेवीदार वाचावेत, हा त्यामागचा हेतू. दोन शेजारी शहरांतील दोन घटनांतून एवढा कायदा उलगडतो.

उसाचा दर : खर्च की नफावाटप?

याहून मोठा आणि अधिक काळ चाललेला वाद उसाच्या दराचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरवत असे. १९७४ साली त्या आदेशात खंड ५-अ घालण्यात आला. हंगामाअखेर साखरविक्रीतून अपेक्षेपेक्षा अधिक उत्पन्न झाले, तर त्यातील निम्मा वाटा ऊस उत्पादकाला मिळावा, हे भार्गव सूत्र त्यातून आले. महाराष्ट्रातील सहकारी कारखाने किमान दराहून अधिक अंतिम दर हप्त्याहप्त्याने देत. कारखान्यांच्या दृष्टीने हा कच्च्या मालाचा खर्च होता. आयकर खात्याचे म्हणणे असे, की किमान दरावरची रक्कम म्हणजे सभासदांना वाटलेला नफा होय. नफावाटप हा खर्च नव्हे, म्हणून ती वजावटीस पात्र नाही.

वादाचे मूळ सहकाराच्या रचनेत आहे. ऊस घालणारा शेतकरी हाच कारखान्याचा सभासद, म्हणजे मालकही असतो. त्याच्या खात्यात जमा झालेला रुपया विक्रेत्याला मिळालेली किंमत समजायचा की मालकाला मिळालेला लाभांश, हा प्रश्न कंपनीच्या बाबतीत सहसा उद्भवत नाही. सहकारात तो अटळ आहे.

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातील कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा प्रश्न फेरविचारासाठी आयकर आयुक्तांकडे, अपील स्तरावर परत पाठवला. दर कसा व कधी ठरला, हिशेब कधी पूर्ण झाले, राज्य सरकारचे आदेश काय होते, या बाबी तपासण्यास न्यायालयाने सांगितले. त्यानंतर ५ मार्च २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले. किमान दर आणि अंतिम दर यांतील संपूर्ण फरक नफावाटप ठरत नाही. खंड ५-अ खाली दर ठरवताना त्यात नफ्याचा जेवढा अंश धरला गेला असेल, तेवढाच नफावाटप समजावा आणि उरलेली रक्कम खर्च म्हणून वजा द्यावी. तो अंश किती, हे निर्धारण अधिकाऱ्याने हिशेब तपासून ठरवायचे.

दरम्यान संसदेनेही पावले उचलली. २०१५ च्या वित्त कायद्याने नवे कलम घालून, सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची ऊसखरेदी सहकारी कारखान्यांसाठी वजावटपात्र ठरवली. ती करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून लागू झाली. आधीच्या वर्षांच्या मागण्या मात्र तशाच राहिल्या होत्या. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्या जुन्या वर्षांसाठीही फेरगणना मागण्याची सोय केली. या तरतुदीतून सहकारी कारखान्यांना जवळपास दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. हा आकडाच या वादाचे वजन सांगतो. कारखान्यावर बसलेली करमागणी अखेर उसाच्या दरातूनच जाते. त्यामुळे एका कलमाचा अर्थ काय लावायचा, यावर हजारो कुटुंबांचे उत्पन्न अवलंबून होते.

बेदाणा, गूळ आणि पतसंस्था

तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद ही करकायद्याची आणखी दोन पाठ्यपुस्तके होत. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. शेतमाल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी सामान्यतः जी प्रक्रिया करतो, तीही शेतीच समजली जाते. ऊस मात्र जसाच्या तसा विकला जातो. मग त्याचा गूळ करून मिळालेला जादा नफा शेतीचा की उद्योगाचा, असा प्रश्न अध्यापकाने वर्गात टाकला, की चर्चा आपोआप रंगते.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि उसावरील खरेदीकरासारखे राज्याचे जुने कर त्यात सामावले गेले. ताजी हळद करमुक्त आणि वाळवलेली करपात्र. सुटा गूळ करमुक्त, तर वेष्टनबंद व लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून कर, असे बारकावे व्यापाऱ्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग बनले. बेदाण्याबाबतचा संभ्रम जीएसटी परिषदेच्या २१ डिसेंबर २०२४ च्या बैठकीत दूर करण्यात आला. शेतकऱ्याने स्वतः पुरवलेल्या बेदाण्यावर कर लागणार नाही, असे परिषदेने स्पष्ट केले.

सहकारी संस्थांना आयकर कायद्याच्या कलम ८०-प खाली मिळणारी वजावट २००६ च्या वित्त कायद्याने सहकारी बँकांसाठी काढून घेतली. प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांना ती चालू राहिली. मग पतसंस्था ही बँक समजायची की नाही, यावर देशभर दावे झाले. केरळमधील मावीलायी सहकारी संस्थेच्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या संस्थेला केवळ नावातील ‘बँक’ या शब्दामुळे बँक ठरवता येणार नाही, असा अर्थ लावला. गावोगावी पतसंस्थांचे जाळे असलेल्या या दोन जिल्ह्यांत त्या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

सतत बदलणारा विषय

वर्षानुवर्षे त्याच टिपणांवर शिकवणे इतर काही विषयांत एकवेळ चालून जाते. कर व कंपनी कायद्यात ते शक्य नाही. १९५६ च्या कंपनी कायद्यात ६५८ कलमे होती. त्याची जागा ४७० कलमांच्या २०१३ च्या कायद्याने घेतली. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण १ जून २०१६ पासून अस्तित्वात आले. दिवाळखोरी व नादारी संहिताही २०१६ चीच. आयकराच्या बाबतीत तर १ एप्रिल १९६२ पासून चालत आलेल्या १९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात ५३६ कलमे असून ‘पूर्व वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संकल्पना आहे.

याचा अर्थ जुना कायदा लगेच विसरता येईल असा नाही. आधीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात. उसाच्या दराचा वाद किती दशके चालला, हे पाहता दोन्ही कायदे पुढील बराच काळ शेजारी शेजारी ठेवून शिकवावे लागतील. ज्यांनी जुन्या कलमांचे क्रमांक तोंडपाठ केले, त्यांना ते नव्याने शिकावे लागतील. ज्यांनी क्रमांकांऐवजी तत्त्वे शिकवली, त्यांचे काम तुलनेने सोपे होईल.

जिल्ह्याच्या ठिकाणी राहून या विषयात नाव कमावण्याचा मार्गही याच बदलातून निघतो. नव्या कायद्यावर मराठीत दर्जेदार पाठ्यपुस्तके, सहकारी संस्थांच्या करप्रश्नांवर स्वतंत्र संशोधन, कारखान्यांच्या व पतसंस्थांच्या संचालकांसाठी अभ्यासवर्ग, शेतकरी उत्पादक कंपन्यांना मार्गदर्शन, अशी कामे येथील अध्यापकाची वाट पाहत आहेत. उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आला; तो सहकार आणि कंपनी यांच्या मधला आहे. अशा कंपनीचा संचालक झालेल्या शेतकऱ्याला वार्षिक विवरणपत्रे, सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण या जबाबदाऱ्या कोणी तरी त्याच्या भाषेत समजावून सांगाव्या लागतात.

कराड, तासगाव, सांगली, सातारा ही नावे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आणि रिझर्व्ह बँकेच्या योजनांत आली, ती तेथील संस्थांच्या व्यवहारांमुळे. त्या व्यवहारांचा कायदा त्याच गावांतील वर्गांत नीट शिकवला गेला, तर पुढचा वाद उभा राहण्यापूर्वी कागद व्यवस्थित ठेवणारा सचिव, ठराव नेमका लिहिणारा संचालक आणि अपील वेळेत दाखल करणारा वकील येथेच तयार होईल. या विषयाच्या अध्यापकाच्या कारकिर्दीचे मोल वेतनश्रेणीपेक्षा या फळावर मोजले जाते.